दहा प्रश्नांचा कागद

दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एका चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजी अंथरते. निळ्या-लाल पट्ट्यांची ही सतरंजी नगरहून आणलेली आहे. तिच्यावर लाकडी ठोकळे, खडू आणि पाठकोरे कागद मांडून होईपर्यंत पोरं यायला लागतात. सहा-सात तर असतातच, स्ट्रॉबेरीच्या ऐन हंगामात बारासुद्धा. त्यांच्या आया शेतातून घरी जाऊन, हातपाय धुऊन, कपडे बदलून येतात. नखांच्या कडेचा लाल रंग तेवढा जात नाही. पोराला माझ्याकडे सोपवून त्या पलीकडच्या खोलीत जातात आणि दार लागतं. पुढचे दोन तास आत काय बोललं जातं ते मला कळत नाही, कळायचं कारणही नाही. तिथलं तिथेच राहील असं पहिल्या दिवशीच सगळ्यांचं ठरलेलं असतं. माझ्यापर्यंत येतात ते खुर्च्या सरकल्याचे आवाज, मधूनच हसणं, आणि कधीकधी बराच वेळ काहीच नाही.

आयांच्या मनासाठी भरणारा तो आतला वर्ग चालवते ती बाई प्रोमोतोरा आहे. प्रोमोतोरा म्हणजे आपल्याच वस्तीत आरोग्याचं काम करणारी बाई. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळ्या तिला 'दोन्या' म्हणतात, आपण 'काकू' म्हणतो त्या मानाने, म्हणून मीही दोन्याच म्हणते. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून ती इथे आली आणि चौदा वर्षं तिने याच खोऱ्यात वाकून स्ट्रॉबेरी तोडली. गुडघे गेले तेव्हा शेत सुटलं. मग तिने प्रशिक्षण घेतलं. आधी मधुमेहाचं काम केलं, नंतर लसीकरणाचं, आणि आता आईबापांच्या मनाचं. तिच्याकडे मानसशास्त्राची पदवी नाही. तिच्याकडे एक वही आहे, एक जुनी गाडी आहे, आणि या गावातल्या कुठल्या घराची बेल बंद आहे, कुठल्या घरी मागच्या दाराने जावं लागतं, हे सगळं तिला पाठ आहे.

मी तिच्याकडे कशी पोचले ते सांगायचं तर आधी एका कागदाबद्दल सांगायला हवं.

२०११ च्या हिवाळ्यात माझा मुलगा झाला. आई नगरहून आली होती. सव्वा महिना तिने मला खोलीबाहेर पडू दिलं नाही. गॅसवर तवा तापवून शेक, ओव्याची धुरी, पोटाला घट्ट बांधलेलं जुनं लुगडं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. धुरीने घरातला भोंगा वाजला तेव्हा शेजारचा म्हातारा धावत आला होता. व्हिसाची मुदत संपत आली तशी आई परत गेली. त्या दिवसापासून माझ्या घरात आवाज उरला नाही. नवरा सकाळी आठला निघायचा, रात्री आठला यायचा. बाळ झोपलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची आणि रडायची. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. बाळ सुदृढ होतं, नवरा चांगला होता, पैसा होता. रडायला कारण नाही याचीच जास्त लाज वाटायची.

बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा लस द्यायला गेलो असताना तिथल्या बाईंनी माझ्या हातात एक कागद दिला. दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत मला हसू येत होतं का, कारण नसताना धास्ती वाटत होती का, रडू यावं इतकं दुःख होतं का, आणि शेवटचा प्रश्न, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का. नवरा शेजारीच बसला होता, मांडीवर बाळ, खांद्याला पिशवी. मी भराभर खुणा केल्या. सगळं छान. हसू पूर्वीइतकंच येतं. रडू, कधीच नाही. बाईंनी बेरीज केली, शून्य आलं, त्या गोड हसल्या आणि कागद फायलीत गेला.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिनबरा मापनाचा तो कागद होता हे मला फार नंतर समजलं. १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेला, आता जगभर वापरात असलेला. कागद चांगला आहे, त्यात खोट नाही. बेरीज तीसपर्यंत जाऊ शकते आणि दहा-बाराच्या पुढे गेली की बाईशी नीट बोलायला हवं असं समजतात. त्या बाईंचंही चुकलं नाही. त्यांच्या हातात एका बाळंतिणीसाठी काही मिनिटं होती. पण ज्या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकून घ्यायला समोरच्याकडे वेळ नाही हे दिसतं, त्याला बाई खरं उत्तर देत नाही. मी दिलं नाही. पुढचं दीड वर्ष मी ते एकटीनेच काढलं.

म्हणून पुढे कधीतरी दोन्याला मी विचारलं, की तुम्ही तो कागद कसा भरून घेता?

"मी आधी कपड्यांच्या घड्या घालते," ती म्हणाली.

ती घरी जाते. पहिल्या दिवशी कागद पिशवीतून काढतच नाही. बाळंतिणीच्या घरी धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतोच. दोन्या पलंगाच्या कडेला बसते आणि लंगोट, झबली, नवऱ्याचे मळके मोजे, एकेक घडी घालत बोलते. हात कामात असले की डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि डोळ्यांत बघावं लागलं नाही की माणूस बोलतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कागद निघतो. प्रश्न ती वाचून दाखवते, पण त्या बाईला कळेल असे फिरवून. 'डिप्रेशन' हा शब्द ती आधी काढत नाही. त्या शब्दाबरोबर वेडाचा, औषधाचा, पोरं काढून नेतील याचा धसका येतो. ती 'नेर्वियोस'बद्दल विचारते. नेर्वियोस म्हणजे शब्दशः नसा, पण त्यात सगळं मावतं: छातीत धडधड, हाताला मुंग्या, झोप उडणं, पोरांवर खेकसणं. माझी आजी 'जीव घाबरतोय गं' म्हणायची त्यात जे मावायचं, ते. नेर्वियोस असणं लाजेचं नाही. आईला होते, आजीला होते. तिथून सुरुवात करता येते.

आणि दोन्या सगळ्यांना 'उस्तेद' म्हणते. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच आहे, तुम्ही आणि तू. 'तू'ला तर ते 'तू'च म्हणतात. कम्युनिटी कॉलेजमध्ये स्पॅनिश शिकताना पहिल्याच आठवड्यात मला तो शब्द सापडला आणि सबंध दिवस बरं वाटत राहिलं. तर वीस वर्षांच्या पोरीलाही दोन्या उस्तेद म्हणते, तुम्ही. शेतावरचा मुकादम या पोरींना तू म्हणतो, घरमालक तू म्हणतो, दुकानदार तू म्हणतो. "दिवसातून एकदा तरी कुणीतरी तिला तुम्ही म्हणावं," दोन्याने मला सांगितलं होतं. इंग्रजीत छापलेल्या कुठल्याही पुस्तिकेत हे सापडणार नाही, कारण इंग्रजीत त्याला जागाच नाही.

दुसरा एक शब्द तिच्याकडून मिळाला तो 'देसाओगार्से'. मन मोकळं करणं, असा त्याचा वापर. पण आत बघितलं तर 'आओगार' म्हणजे बुडवणं, गुदमरवणं, आणि त्याला उलटा प्रत्यय. बुडालेल्याने स्वतःला वर काढणं. आपलं 'मोकळं होणं' मला आवडतं, त्यात गाठ सुटते, दार उघडतं. यांच्या शब्दात मात्र पाणी आहे.

पाण्याचं नातं इथे फार जवळचं आहे. वॉटसनव्हिलच्या पलीकडच्या तीरावर पाहारो नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. पाहारो म्हणजे पक्षी. नदीचं नावही तेच. ११ मार्च २०२३ ला मध्यरात्रीनंतर नदीचा बांध फुटला आणि सगळं गाव पाण्यात गेलं. बांध कच्चा आहे हे सरकारला कित्येक दशकं माहीत होतं, पण घरं स्वस्तातली, माणसं गरीब, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च फायद्याच्या हिशोबात बसत नव्हता. हे मी रागाने लिहितेय असं नाही, अधिकाऱ्यांनीच तसं बोलून दाखवलं होतं. मी डोंगराच्या अलीकडे, गिलरॉयला राहते. आम्ही चार-पाच मराठी घरांनी पांघरुणं, डायपर, पोरांचे बूट गोळा केले आणि मी हेकर पासचा घाट उतरून ते घेऊन गेले. निवाऱ्याच्या दाराशी सामान उतरवून घ्यायला दोन्या होती. तिने बुटांच्या जोड्या मापाने लावल्या आणि मला विचारलं, "दोन तास आहेत का? पोरांना कुणीतरी सांभाळलं तर मला आयांशी बोलता येईल." मी थांबले. त्यानंतर गुरुवार चुकलेला नाही, ताप आला ते दोन सोडून.

त्या पहिल्या महिन्यांत माझ्या सतरंजीवर सगळी पोरं नदी काढायची. मी विषय द्यायचे फुलपाखरू, तरी नदी. एक पाच वर्षांचा मुलगा होता. तो कागदाच्या तळाला घर काढायचा आणि मग निळा खडू आडवा धरून सगळा कागद भरून टाकायचा, घर दिसेनासं होईपर्यंत. खडू मोडला तरी उरलेल्या तुकड्याने. छपरावर पाऊस वाजला की तो उठून आईच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसायचा. मी त्याला उचलून आणत नसे. सतरंजीचं एक टोक दारापर्यंत ओढून घ्यायची आणि तिथेच ठोकळे रचायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत मीही तेच करते."

आता आतल्या वर्गाबद्दल, जेवढं मला सांगितलं जातं तेवढं. दोन्याच्या वर्गाचा सांगाडा 'मामास ई बेबेस', आया आणि बाळं, या अभ्यासक्रमाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रिकार्डो मुन्योस या पेरूत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये घडवला. प्रतिबंधक उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये, ज्या बायांना गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नैराश्याचा धोका जास्त आहे त्यांना आधीच समुपदेशन द्यावं असं सांगितलं, तेव्हा ज्या थोड्या कार्यक्रमांचा पुरावा भक्कम मानला त्यात हा होता. त्याची मांडणी साधी आहे. मन कसं आहे ते तीन गोष्टींवर हलतं: आपण दिवसभर काय करतो, काय विचार करतो, आणि कुणाशी बोलतो. मन थेट बदलता येत नाही, पण यातली एखादी गोष्ट थोडी बदलता येते.

पहिला गृहपाठ असतो आनंद देणाऱ्या गोष्टींची यादी. अट अशी की पैसे लागता कामा नयेत. दोन्या सांगते की पहिल्या दिवशी बहुतेक याद्या कोऱ्या असतात, किंवा त्यात पोरांच्याच गोष्टी असतात, पोराला बागेत नेणं, पोराला आवडतं ते शिजवणं. स्वतःचं काही सुचत नाही. मग हळूहळू एकेक येतं. पहाटे सगळे उठायच्या आत एकटीने कॉफी. गावाकडच्या बहिणीला फोन, पैशाचा विषय न काढता. आणि एका वर्षी एकीने लिहिलं होतं: दार लावून आंघोळ. त्यावर सगळ्या आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या, कारण एका खोलीत दोन कुटुंबं राहतात तिथे बाथरूमबाहेर कायम कुणीतरी उभं असतं. त्या आठवड्यात पाच जणींनी तो गृहपाठ केला. नवऱ्यांना सांगून, शेजारणीकडे पोर देऊन, पंधरा मिनिटं.

हे ऐकताना मला गोवा आठवतो. तिथे १९९६ पासून 'संगाथ' ही संस्था याच वाटेने चालली आहे. डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या, मानसोपचाराची काही पार्श्वभूमी नसलेल्या माणसांना तयार केलं आणि त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, गंभीर नैराश्य असलेल्या लोकांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं असं ठरवलं. गाभा हाच, की माणूस ज्या कामांतून जिवंत वाटायचा ती कामं त्याला पुन्हा एकेक करून करायला लावायची. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले आणि ते चांगले होते. पुढे पटेलांच्या हार्वर्डमधल्या चमूने तीच पद्धत टेक्सासमधल्या सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायला घेतली. म्हणजे बार्देश-सालसेतच्या बाकांवर बसून घडलेली गोष्ट आज टेक्सासमध्ये कामाला आली आहे. दोन्याला मी हे सांगितलं. तिने वहीत 'गोवा' असं लिहून घेतलं आणि विचारलं, तिथेही समुद्र आहे का.

आणि गोव्याच्याही आधी माझ्या आजोळी. माझं आजोळ जामखेड तालुक्यात. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, आरोग्यसेविका केलं. पुढे २००५ मध्ये देशभर 'आशा' आल्या त्यामागे जे प्रयोग होते त्यात जामखेड होतं. मला आठवते ती एक काटक बाई, नऊवारी, हातात पिशवी. ती आली की आजी ओट्यावर पाट टाकायची. तिने आजीला कधी "बरं वाटतंय का?" असं विचारलेलं मला आठवत नाही. "काल चूल उशिरा पेटली म्हणं," असं म्हणायची. चुलीच्या धुरावरून घरातलं ओळखायची. मग आजी पदर डोळ्याला लावायची आणि आम्हा पोरांना अंगणात पिटाळलं जायचं. मानसिक आरोग्य हा शब्द त्या ओट्यावर कधी उच्चारला गेला नसेल.

दोन्याही धूरच बघते. कुणाच्या खिडकीचे पडदे दुपारी दोनला बंद आहेत, कुणाचं पोर तीन दिवस तोच शर्ट घालून येतंय.

पण ती त्याच वस्तीतली आहे याची दुसरीही बाजू आहे. वस्तीत 'चिस्मे' असतात, म्हणजे कुजबुज. जिच्याशी मन मोकळं करायचं ती उद्या त्याच दुकानात भाजी घेताना भेटणार. म्हणून दोन्या एक पथ्य पाळते. रस्त्यात दिसली तरी आपण होऊन ओळख दाखवत नाही. समोरची बोलली तर बोलते. तिच्या नातलगांना याचा राग येतो, त्यांना वाटतं शिष्ट झाली. आणि तिच्या कामाला कुंपण आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. दहाव्या प्रश्नाला 'हो' आलं की ती घड्या घालणं थांबवते. त्या बाईला एकटी न सोडता तिच्यासमोरच परवानाधारक थेरपिस्टला फोन लावते. रात्र असेल तर ९८८ हा मानसिक संकटासाठीचा मदतीचा फोन लावून स्पॅनिशसाठी दोनचं बटण दाबते. "मी होडी आहे, किनारा नाही," असं काहीतरी ती एकदा म्हणाली होती; माझ्या स्पॅनिशने ते नीट पकडलं नसेल, पण अर्थ तोच होता.

तिच्या भाषेलाही कुंपण आहे. 'स्पॅनिश बोलणारे पालक' असं सरकारी कागदावर लिहिलेलं असतं, पण वॉटसनव्हिलमध्ये मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या सान मार्तीन पेरास भागातून आलेली शेकडो कुटुंबं आहेत आणि त्यांची बोली मिस्तेको. ती स्पॅनिशच्या नात्यातली नाही. त्या बायकांना स्पॅनिश येतं ते बाजारापुरतं. शाळेत, दवाखान्यात त्या मान हलवतात, "सी, सी" म्हणतात, आणि सगळे समजतात की त्यांना समजलं. मेळघाटातल्या कोरकू बाईने मराठी नर्सपुढे मान हलवावी तसं. दोन्याला हे कळायला दोन वर्षं लागली, असं तिने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा उतरला होता. एक बाई अख्खा वर्ग पुरा करून गेली होती, प्रत्येक वेळी हसत. आता मिस्तेको बोलणारी एक तरुण मुलगी दोन्याबरोबर असते. आधी ती माझ्या सतरंजीवरच्या एका पोराची आई होती.

आईबाप म्हणताना मी सारखी आयांबद्दलच लिहितेय हे माझ्या लक्षात आहे. बाप येतात ते पार्किंगपर्यंत. बायकोला सोडतात आणि दोन तास पिकअपमध्ये बसून राहतात, रेडिओ लावून, टोपी डोळ्यांवर ओढून. वर्गाला या म्हटलं की "मला काही झालेलं नाही" म्हणतात. मग मधल्या सुट्टीत दोन्या दालचिनी घातलेली कॉफी थर्मासमधून कपात ओतते आणि एकेका गाडीच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. त्यांच्याशी ती दुःखाबद्दल बोलत नाही, थकव्याबद्दल बोलते. 'कान्सादो', थकलोय, हे पुरुषाला म्हणता येतं. झोप किती लागते, पाठ कशी आहे, शनिवारी बिअरच्या बाटल्या किती होतात. एकदा मी कचरा टाकायला बाहेर गेले होते तेव्हा एका गाडीतला दणकट माणूस स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि दोन्या खिडकीतून आत हात घालून त्याच्या पाठीवर थोपटत होती. दुसऱ्या हातात त्याचा कप होता, सांडू नये म्हणून सरळ धरलेला.

२०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य-प्रवक्ते, विवेक मूर्ती यांनी आईबापांवरच्या ताणाबद्दल खास पत्रक काढलं होतं. बहुतेक दिवस ताण पार असह्य होतो असं सांगणारे पालक ४८ टक्के, आणि पोरं नसलेल्या प्रौढांत तेच २६ टक्के. हा सगळ्या देशाचा आकडा झाला. पेटीमागे मजुरी मिळते, पावसात शेत बंद, पोराच्या शाळेचं पत्र इंग्रजीत, आणि दवाखान्यात आईचं दुखणं दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरला भाषांतर करून सांगायचं, या सगळ्याचा आकडा कसा काढायचा? त्या मुलीला 'गर्भाशय'ला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत असतं, आणि ते तिला माहीत असावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्याच्या पगाराचंही सांगायला हवं, कारण प्रेमाने काम करणाऱ्या बाईला प्रेमावरच ठेवायची सवय सगळीकडे आहे. कितीतरी वर्षं ती अनुदानावर होती. अनुदान संपलं की काम संपलं, घरोघरच्या बाया मात्र संपत नव्हत्या. १ जुलै २०२२ पासून कॅलिफोर्नियाच्या मेडी-कॅलमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून, सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामाचे पैसे मिळू लागले, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशोबाने. हे मोठं पाऊल आहे, मी ते मनापासून मानते. पण घड्या घालत घालवलेला पहिला तास कुठल्या रकान्यात लिहायचा? पिकअपच्या खिडकीशी उभं राहणं? ती ते लिहीतच नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच आशाताई मानधनासाठी आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसल्या होत्या. तो फोटो मी दोन्याला दाखवला होता. तिने फोन जवळ धरून बराच वेळ बघितला, आणि गुलाबी साड्यांच्या गर्दीत पुढे बसलेल्या एका बाईच्या पायांवर बोट ठेवलं. "हिचे गुडघे दुखताहेत," ती म्हणाली.

वर्ग संपला की दोन्या लगेच घरी जात नाही. गाडीत बसते, इंजिन बंद, दिवे बंद. पंधरा-वीस मिनिटं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी बिघडली असं वाटून काच ठोठावली होती. ऐकलेलं सगळं घरी न्यायचं नाही, म्हणून ती तिथे बसते. आता मीही कधीकधी शेजारच्या सीटवर जाऊन बसते. आम्ही बोलत नाही. अशाच एका गुरुवारी तिने समोर बघतच विचारलं होतं, "आणि तुम्ही? तुमचं बाळंतपण कसं गेलं होतं?" मी म्हटलं, "छान." पुढच्या गुरुवारी तिने पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. चौथ्या वेळी मी तिला नळाबद्दल सांगितलं. स्पॅनिशमध्ये मला भूतकाळाची रूपं नीट येत नाहीत, त्यामुळे ते सगळं वर्तमानात सांगितलं गेलं: मी नळ सोडते, मी रडते, बाळ झोपतं. तिने माझी चूक सुधारली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडे व्हेंचुरा परगण्यात शेतांवर इमिग्रेशनच्या धाडी पडल्या. त्या आमच्यापासून चार-पाच तासांवर, पण त्या आठवड्यात माझ्या सतरंजीवर दोन पोरं होती. नंतरच्या आठवड्यात एकही नाही. वर्ग व्हॉट्सॲपवर गेला. दोन्या घरोघर जाऊ लागली, ठोठावण्याआधी फोन करून, कारण दार वाजलं की पोरं पलंगाखाली जात होती. आनंद देणाऱ्या गोष्टींची यादी तिने त्या दिवसांत बाजूला ठेवली. त्याऐवजी ती प्रत्येक घरी एक पाकीट बनवून घेत होती: पोरांचे जन्मदाखले, लसींचे कागद, औषधांची नावं, आणि आई-बाप संध्याकाळी घरी आले नाहीत तर पोरांना शाळेतून कोण आणेल त्याचं नाव. मी विचारलं, याने त्यांची भीती वाढत नाही? ती म्हणाली की रात्री दोनला जाग येते तेव्हा डोक्यात हाच प्रश्न फिरत असतो. त्याचं उत्तर पाकिटात असलं की निदान कूस बदलता येते.

कॅलिफोर्नियात त्यासाठी एक सरकारी नमुना आहे. जो सांभाळणार त्याने भरायचा. पोराचं नाव, पोराची जन्मतारीख, सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता. नातलग नसलेल्याला एवढंच पुरतं, त्यावर शाळेत घालता येतं. निळ्या खडूवाल्या मुलाच्या आईचं इथे नात्याचं कुणी नाही. एका दुपारी दोन्याचा फोन आला. ती बाई शेजारीच बसली होती, पण विचारायचा धीर होत नव्हता म्हणून दोन्याने विचारलं. मी उद्या सांगते म्हटलं. रात्री नवऱ्याशी बोलले. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे, तो जेवता जेवता ऐकत होता. त्याने एवढंच विचारलं की तो कुठल्या खोलीत झोपेल.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून गेले. खोलीत दोन पलंग, मध्ये दोरीवर चादर टाकून केलेली आडोशाची भिंत. धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. आम्ही तिघी बसलो. दोन्या घड्या घालत होती, मी कागद भरत होते, आई मुलाची जन्मतारीख सांगत होती. तारीख सांगून झाल्यावर तिने तो कुठल्या वेळी जन्मला तेही सांगितलं, पहाटे चार, बाहेर धुकं होतं. कागदावर वेळेला रकाना नाही. मी समासात लिहून ठेवलं. मुलगा माझ्या मांडीला टेकून उभा होता आणि माझी अक्षरं कशी वळतात ते बघत होता.

सही करायची नसते. मूल खरोखर आपल्या घरी राहायला आलं तरच, त्या दिवशी करायची. बाकी सगळं भरलेला तो कागद आमच्या पासपोर्टांच्या खणात ठेवला आहे, वर पेन ठेवून.